गठ्ठ्यातली कबुली

कुशाबानं सुरुचीची बॅग उचलली, तेव्हा रमाकांत वकिलांच्या हातातला चहा बशीत सांडला. पंचवीस वर्षं हाच कुशाबा कोर्टाच्या फाटकाशी टॅक्सी लावून त्यांची बॅग उचलायचा. आज तो जिन्याखालच्या त्यांच्या टेबलासमोरून मान खाली घालून गेला आणि सुरुचीच्या मागोमाग जिना चढला. आपली बायको दुसऱ्याच्या मोटरसायकलवर दिसावी, तसं वकिलांना वाटलं.

रमाकांत वकील गाड्यांच्या केसेस चालवत. चालवत कसल्या, संपवत. कुणी सिग्नल तोडलेला, कुणी नो-एन्ट्रीत घुसलेला. सकाळी अशा पंधरा-वीस जणांची समन्सं गोळा करायची, गठ्ठा बांधायचा आणि जेवणाच्या सुट्टीआधी मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे उभं राहून म्हणायचं, "सगळ्यांचा गुन्हा कबूल, साहेब. गरीब माणसं आहेत." दंड कमी व्हायचा, ड्रायव्हरचा दिवस वाचायचा, साहेबांचंही काम हलकं व्हायचं. परळपासून गिरगावपर्यंतचे टॅक्सीवाले त्यांना दुवा देत.

सुरुची चार वर्षं त्यांच्याच हाताखाली होती. गठ्ठा बांधायला तिला त्यांनीच शिकवलं. पण पोरीला कागद वाचायची खोड. चलनावरचा फोटो मोठा करून बघायची, कॅमेरा तपासल्याचं प्रमाणपत्र मागायची. एकदा म्हणाली, "सर, यातल्या बऱ्याच जणांनी काही केलेलंच नाहीये." तेव्हा ते पोट धरून हसले होते. आता ती पहिल्या मजल्यावर बसे, केसेस लढवी आणि टॅक्सीवाले जिना चढत. ती एखादी केस हरली, की त्या रात्री रमाकांत वकिलांना जेवण गोड लागे. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

दुपारी सुरुची स्वतःच खाली आली.

"सर, पाच मिनिटं आहेत?"

"बस की. खुर्ची रिकामीच असते हल्ली. तुझी कृपा."

ती टोमणा गिळून बसली. "कुशाबांचं लायसन्स जातंय, सर. हिंदमाताला त्यांच्या टॅक्सीचा एका बाईंना धक्का लागला, त्यांचा हात मोडला. ती केस मी लढवेन. पण रेकॉर्डवर दोन वर्षांपूर्वीची एक शिक्षा आहे. बेदरकार गाडी चालवली, गुन्हा कबूल. त्या शिक्षेमुळे आता लायसन्स रद्द करायला निघालेत."

"मग?"

"ती कबुली तुम्ही दिलीय. कुशाबा म्हणतात, त्या दिवशी गाडीवर बदली ड्रायव्हर होता. ते शिमग्याला गावी होते. टॅक्सी यांची, म्हणून समन्स यांच्या नावावर आलं."

"मग तेव्हा का नाही बोलला?"

"तुम्ही विचारलं होतंत?"

गठ्ठ्यातल्या माणसाला कोण विचारत बसतं? रमाकांत वकील टेबलावरची शाई नखानं खरवडू लागले.

"वरच्या कोर्टात अर्ज केलाय," सुरुची म्हणाली. "तुमचं अ‍ॅफिडेव्हिट लागेल. अशिलाला न विचारता कबुली दिली, असं. त्याशिवाय ते ऐकणार नाहीत. तुमच्या वकिलीच्या सनदेवर येऊ शकतं, सर. मी लपवत नाही. तुम्हाला काही आठवतंय का?"

त्यांना सगळं आठवत होतं. त्या वर्षी शिमग्याहून परतताना कुशाबानं वर्तमानपत्रात बांधून ओले काजू आणले होते. दर वर्षीच आणायचा. त्यांच्या बायकोनं, सुभद्रानं, भरपूर खोबरं घालून उसळ केली होती. समन्सवरची तारीख एकदा वाचली असती, तर तिथल्या तिथे कळलं असतं.

"नाही बुवा," ते म्हणाले. "काही आठवत नाही."

सुरुची उठून गेली. हरेल आता, त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना चक्क बरं वाटलं.

संध्याकाळी फाटकाशी कुशाबा टॅक्सी पुसत होता. रमाकांत वकिलांना राहवलं नाही.

"काय रे, मी मेलो होतो काय? तिच्याकडे गेलास ते?"

कुशाबानं फडकं पिळलं. "तुमच्याकडे येऊन काय करू, सायेब? तुम्ही परत कबूल करून टाकला असतात. ह्या टायमाक माझो गुन्हो नाय ओ. ती बाय मधीच धावली."

"मग कर माझी तक्रार. जा, कर."

"लोक सांगतत तसा करूक. मी मॅडमना बोललो, सायबांवर तक्रार नको. लायसन गेला तर गेला. पंचवीस वर्सां त्येंची चाय पियालंय."

असं म्हणून तो पुन्हा काच पुसू लागला. रमाकांत वकील चिंचपोकळीपर्यंत चालत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिना चढले. सुरुचीच्या टेबलाशी उभं राहून म्हणाले, "आण तो कागद. कुठे सही करायची?"

फोर्टातल्या त्या वरच्या कोर्टात रमाकांत वकील तीस वर्षांत कधी उभे राहिले नव्हते. त्यांच्या गठ्ठ्यांना तिथवर जायची गरजच पडली नव्हती. सुरुची बोलत होती. आवाज एकदाही चढला नाही, कागद एकदाही शोधावा लागला नाही. हे आपल्याला का जमलं नाही, या विचारानं त्यांचा नुसता जळफळाट झाला.

न्यायाधीशांनी अ‍ॅफिडेव्हिटवरून नजर वर केली. "वकीलसाहेब, तुम्ही अशिलाला विचारलं नव्हतं?"

"नाही, साहेब."

"अशा किती कबुल्या दिल्या असतील?"

मागच्या बाकावर त्यांच्याच कोर्टातले दोघं बसले होते. एकानं खाली बघितलं.

"मोजल्या नाहीत, साहेब," रमाकांत वकील म्हणाले.

जुनी शिक्षा रद्द झाली. लायसन्स वाचलं. बाहेर कुशाबा सुरुचीच्या पाया पडायला वाकला आणि ती "अहो, काय हे!" म्हणत मागे सरकली. मग तिनं वळून "सर" अशी हाक मारली, पण तोवर रमाकांत वकील रस्ता ओलांडत होते.

पुढच्या महिन्यात शिमगा झाला. गावाहून परतलेला कुशाबा एका दुपारी वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन कोर्टात आला. जिन्याखाली थांबला, "बरां आसा ना, सायेब?" म्हणाला आणि वर गेला. खाली आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते.

घरी सुभद्रा नारळ खवत होती. "अहो, शिमगा होऊन गेला की. कुशाबांचे काजू नाही आले यंदा?"

रमाकांत वकिलांनी काळा कोट खिळ्याला लावला. त्याची बाही सरळ केली.

"यंदा मोहोरच जळला म्हणत होता," ते म्हणाले. "कुणाकडेच आले नाहीत."

सुभद्रानं खोबरं डब्यात भरलं आणि डबा फ्रीजमध्ये ठेवून दिला.