भरभर बोलणारे हात

"चाळणीबाई, चाचणीचे आकडे फक्कड आलेत. आता आणखी काय चाळताय?" साहेबांनी विचारलं.

ती पडद्याकडेच बघत राहिली. काहीही चाळल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नसे, म्हणून ऑफिसात तिचं हे नाव पडलं होतं. व्हिडिओ कॉलचं चित्र आटोपशीर करून पाठवायचं तर त्याचे चौकोन पाडतात, आणि प्रत्येक चौकोन आधीच्या चित्रात कुठे होता ते हुडकतात. जुनी पद्धत सगळीकडे हुडकते, म्हणून रखडते. तिने रक्त आटवून बसवलेली पद्धत शेजारीपाजारी चौकशी करून परत फिरते. दोन्ही ताडून पाहिल्या, चित्रात फरक नव्हता. दुपारच्या बैठकीत तिच्या पद्धतीवर शिक्कामोर्तब व्हायचं होतं. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

कारण दादा. त्याला जन्मापासून ऐकू येत नसे, तो हातांनी बोले. चाचणीत त्याचेही कॉल होते, तेही स्वच्छ उतरले होते. पण हल्ली त्याचे हात फार संथ चालत. दादा थकला की काय? तिने वहिनीला फोन लावला.

"वहिनी, दादा बरा आहे ना? हात किती जड झालेत त्याचे."

"जड कसले? आत्ताच गवंड्याशी दोन्ही हातांनी भांडून आले! अगं, तुझ्या त्या नव्या कॉलवर भरभर बोललं की बोटांची नुसती गिचमिड होते. म्हणून तुझ्याशी मुद्दाम सावकाश बोलतात. मला म्हणाले, तिला सांगू नकोस, फार खपलीय पोर."

तिने दादाचा घरी भरभर बोलतानाचा व्हिडिओ मागितला. वहिनीने तो पत्त्यांच्या डावात तावातावाने हातवारे करतानाचा एक पाठवला. तिने तो दोन्ही पद्धतींतून काढून पाहिला. जुन्या पद्धतीत बोट न् बोट दिसलं. तिच्या पद्धतीत दादाला हातच उरले नाहीत; ती शेजारीपाजारी हुडकेपर्यंत भरभर हलणारी बोटं कुठल्या कुठे गेलेली असत. तिला रडू यायला हवं होतं, पण राग आला, दादाचाच.

बैठकीत तिने तो व्हिडिओ लावला. साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, हातांनी बोलणारी माणसं असतात तरी किती?"

"आमच्या घरात सगळेच," ती म्हणाली. "माझी पद्धत नापास आहे, साहेब. जुनीच ठेवा."

संध्याकाळी तिने दादाला त्याच नव्या कॉलवर गाठलं. त्याने एकेक बोट जपून हलवत विचारलं, काय झालं आज?

"भरभर बोल," तिने हातांनी सांगितलं. "घरी बोलतोस तसं."

दादा थबकला, मग सुटलाच. पडद्यावर त्याच्या बोटांच्या जागी चौकोन फडफडत होते. तिला काही म्हणता काही कळेना. तिने त्याला थांबवलं नाही.