कोळशाच्या खोलीतला आकडा

सभागृह खच्चून भरलं होतं. व्यासपीठावर प्राणगुरूंनी दोन कागद उंच धरले. साधनेआधी फुप्फुसाची ताकद चौतीस टक्के, सात दिवसांनी एकेचाळीस. "डॉक्टर म्हणतात, गेलेलं फुप्फुस परत येत नाही. आम्ही आणतो. मशीनच साक्षीला आहे. ऑक्सिजनच्या नळ्या आता माळ्यावर टाका." टाळ्या थांबेनात.

शेवटच्या रांगेतल्या एकाने टाळ्या वाजवल्या नाहीत. कागदांवर सही त्याची होती. इस्पितळात ही तपासणी तोच करायचा. आकडे खरे होते. त्याच्या बायकोचाही आकडा असाच वाढला होता. खरंच गुण आला का, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, मशीन काही खोटं बोलत नाही. तिने ऑक्सिजन सोडला. सहा आठवड्यांत ती गेली. त्याला अजून रडू आलं नव्हतं. कामावर जायचा, परत आल्यावर भांडी घासायचा, झोपायचा. आतून लाकूड झालं होतं.

आता त्याच वाटेवर मेहुणी होती. दुखणं तेच, फुप्फुसाचं. पहिल्या तपासणीला ती गुरूंच्या केंद्रातून थेट त्याच्या खोलीत आली, कपाळ दाबत. त्याने नेहमीचा पाढा म्हटला: पूर्ण सोड, आता भर, धरून ठेव, सोड. आकडा आला पस्तीस. डोकं कशाने दुखतंय, त्याने विचारलं. ती म्हणाली, पहिल्या तपासणीआधी सगळ्यांची शुद्धी करतात; तासभर बंद खोलीत, पेटत्या कोळशाच्या शेगडीपाशी. दुसऱ्या वेळी नसते.

त्याने मशीनकडे वळून पाहिलं. मशीन श्वासातून चिमूटभर कार्बन मोनॉक्साइड देतं आणि फुप्फुसातून रक्तात त्यातला किती गेला, ते मोजतं. बंद खोलीतला कोळसाही तोच विषारी वायू सोडतो. रक्तात तो आधीच भरला असेल, तर नवा कमीच जाणार, आणि आकडा पडणार. जेवून आलेल्याला पुन्हा पानावर बसवायचं, दोन घासांत तो उठला की म्हणायचं, याची भूक मेली. दुसऱ्या दिवशी उपाशी बसवायचं आणि भूक परत आणल्याचं श्रेय घ्यायचं.

त्याने तिचं रक्त तपासायला दिलं. वायू सापडला. तो निघून जाईपर्यंत डॉक्टरांनी तिला ऑक्सिजन लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी झाली. शुद्धी नाही, साधना नाही. आकडा बेचाळीस.

पुढच्या सभेत त्याने हे सगळं सपाट आवाजात सांगितलं. प्राणगुरू हसले. आमची नुसती नजर पडली तरी गुण येतो, म्हणाले.

नाकात नळी घेऊन मेहुणी उठली. "मग दुसऱ्या तपासणीआधीही शेगडी पेटवा की, महाराज. दोनदा शुद्ध झालं तर काय बिघडतं?"

कुणीतरी खुदकन हसलं. गुरू शिष्यांकडे बघायला लागले. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने पायाशी ठेवलेल्या सिलिंडरची नळी पुन्हा नाकाला लावली.

बाहेर आल्यावर मेहुणीने हळूच विचारलं, "भाऊजी, म्हणजे ताईला गुण आलाच नव्हता?"

"नाही. पहिला आकडा पाडलेला होता. दुसरा तिचा रोजचाच. तिचंही डोकं दुखत होतं त्या दिवशी. मी विचारलं नाही."

आता तो प्रत्येकाला विचारतो, इथे यायच्या आधी तासभर कुठे होतात? तुम्हीही विचारा. कुणी दोन आकडे दाखवून चमत्कार सांगत असेल, तर पहिल्या आकड्याआधी काय केलं होतं, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत औषध सोडू नका, आणि नाकातली नळी काढू नका.