माप होईपर्यंत हलू नका

थेरपीवाल्या बाईंना सगळं जमायचं, फक्त गप्प बसणं जमायचं नाही. समोरच्यानं वाक्य सुरू करावं आणि बाईंनी ते संपवून टाकावं, ही त्यांची जुनी खोड. मुलगासुद्धा फोनवर म्हणायचा, "आई, निदान माझं वाक्य तरी मला संपवू दे गं!" आणि गंमत बघा, त्यांचं काम नेमकं गप्प बसण्याचंच होतं. मनाच्या आजारातून सावरणारा माणूस चार लोकांत कसा बोलतो-वागतो, ते बाजूला बसून बघायचं आणि सत्तावीस रकान्यांत गुण द्यायचे. समोरच्याकडे बघतो का, विचारल्यावर उत्तर देतो का, दुसऱ्याची विचारपूस करतो का. एक म्हणजे जमतच नाही, चार म्हणजे छान. अट एकच: बघणाऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. घातलं की तो कागद बाद.

टेलर मास्टरांच्या पहिल्या कागदावर जिकडेतिकडे एक आणि दोन होते.

मास्टर आठ महिने वॉर्डात होते. पहिलं बघणं काल वॉर्डातल्या चहाच्या टेबलावर झालं होतं. वॉर्डच्या मावशींनी विचारलं, "मास्टर, साखर किती?" मास्टर कपाकडे बघत राहिले. मावशींनी दोन चमचे घालूनही टाकले. "बिस्किट देऊ? घ्या, दोन घ्या." मावशी मायाळू हो, पण हातात किटली आणि पुढे अजून बावीस कप. मास्टरांच्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. बाईंनी खाली मान घालून एक लिहिला, मग पुन्हा एक लिहिला.

आणि उद्या दुपारी बैठक होती. मास्टर एकतर थोरल्या भावाकडे घरी जाणार आणि पुन्हा दुकानात बसणार, नाहीतर शहराबाहेरच्या निवासात कायमचे. "तुमचे गुण बघून ठरवू," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुसरं बघणं माणसाच्या नेहमीच्या जागी करायचं असतं, म्हणून बाई मास्टरांना घेऊन त्यांच्या दुकानात आल्या.

दुकान म्हणजे दोन मशिनं, एक इस्त्रीचं टेबल, आरशासमोर पाट आणि भिंतीवर घड्याळ. दुसऱ्या मशिनवर कापड झाकलेलं होतं. थोरल्या भावांनी दोघांना बसवलं, घाम पुसला आणि म्हणाले, "बाई, बटणं घेऊन येतो. गिऱ्हाईक आलं तर थांबवून ठेवा हं. हा काही बोलायचा नाही." ते गेले, आणि बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर तोंडाला कुलूप लावून बसल्या.

पाचच मिनिटांत एक गोलमटोल गृहस्थ आले. निवृत्तीच्या समारंभासाठी त्यांना कोट हवा होता आणि बोलायला जगातले सगळे विषय हवे होते. मास्टर उठले. गळ्यात टेप अडकवला, खडू कानामागे खोचला, गृहस्थांना पाटावर उभं केलं आणि त्यांच्या पोटाभोवती टेप गुंडाळला. गृहस्थांनी एकदम आवाज खाली आणला. "मास्टर, खरं सांगा. कोटात पोट दिसणार नाही ना?"

मास्टर टेपवरचा आकडा बघत राहिले. बाईंच्या जिभेवर उत्तर आलंच होतं: नाही हो, कुठं काय दिसतंय! जीभ आवरायची म्हणून त्या भिंतीवरच्या घड्याळाचे सेकंद मोजू लागल्या. तीन. पाच. आठ. गृहस्थ बिचारे जातात कुठं, पोट टेपमध्ये अडकलेलं. हात वर करून मुकाट उभे होते.

अकराव्या सेकंदाला मास्टर म्हणाले, "दिसेल." आणि टेप सैल करत पुढे म्हणाले, "बटण जरा वर घेतो. नजर तिथं थांबेल."

गृहस्थ खूश झाले. "वा! कोट कधी देणार?"

बाईंनी पुन्हा मोजलं. पुन्हा अकरा. "सोमवारी ट्रायल. गुरुवारी कोट." मग मास्टरांनी माप आणि वार इस्त्रीच्या टेबलावरच्या वहीत लिहिले.

अरे देवा! बाईंना कालचा चहा आठवला आणि त्यांनी कपाळावर हात मारला. मावशींचा चमचा तिसऱ्या सेकंदाला साखरेत बुडला होता. मास्टरांचं उत्तर अकरा सेकंदांच्या वाटेवर होतं, तिथं पोहोचेपर्यंत त्याच्यासाठी कुणी थांबलंच नव्हतं. आणि आपण, पंधरा वर्षं हे काम करणाऱ्या, काय केलं? एक लिहून मोकळ्या झालो. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

गृहस्थ गेले आणि थोरले बटणं घेऊन आले. आता कागदासाठी दुसरं संभाषण, भावाशी. थोरले स्टूल ओढून मास्टरांसमोर बसले.

"काय रे धाकट्या, जेवलास का? नसशीलच. पाणी देऊ? हे घे." त्यांनी पेला हातात कोंबला. मग खाली बघून हळूच विचारलं, "उद्या विचारतील ते. तुला घरी यायचंय का?"

मास्टर पेल्याकडे बघत राहिले. बाई मोजत होत्या. दोन, तीन, चार.

"बघा बाई," थोरल्यांचा आवाज फुटला, "नाही बोलत. दर रविवारी येतो मी, दर रविवारी हेच विचारतो. त्याला तिथंच बरं वाटत असेल. मी तरी कोणत्या तोंडानं जबरदस्ती करू?"

बोललं तर कागद बाद, नाही बोललं तर माणूसच बाद व्हायची वेळ. तेवढ्यात मास्टर उठले. पेला खाली ठेवला, भावाला दंडाला धरून पाटावर उभं केलं आणि गळ्यातला टेप काढून त्यांच्या छातीभोवती घातला.

"अरे, हे काय आता? मला कुठं कोट शिवायचाय?" म्हणत थोरले पाटावरून उतरू लागले.

"हलू नका!" बाई ओरडल्या. "माप होईपर्यंत अजिबात हलू नका. आणि बोलूही नका."

झालं, कागद बाद. बाईंनी तो घडी घालून पर्समध्ये टाकला आणि त्यांना काडीचंही वाईट वाटलं नाही. उद्या बैठकीत त्या अकरा सेकंदांचं तोंडानंच सांगणार होत्या. थोरले हात पसरून उभे राहिले.

अकरा सेकंदांनी मास्टर म्हणाले, "यायचंय."

थोरल्यांनी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मास्टर अजून टेपकडेच बघत होते. त्यांनी टेप थोडा ओढला, पुन्हा आकडा पाहिला.

"साडेसदतीस," ते म्हणाले. मग किती तरी वेळानं, "चाळीस होती, दादा. मी गेलो तेव्हा चाळीस होती. जेवत नाहीस तू."

आता थोरल्यांना बोलायला कुणाचीच बंदी नव्हती, पण त्यांच्याच्यानं बोलवेना. आठ महिने एकट्यानं दुकान ओढलं होतं, दर रविवारी डबा घेऊन दवाखाना गाठला होता, आणि जेवलास का, एवढी साधी गोष्ट त्यांना कुणी विचारली नव्हती. पसरलेले हात तसेच राहिले आणि डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. मास्टर टेप धरून उभे राहिले. त्यांनी घाई केली नाही, उत्तर भावाच्या तोंडात घातलं नाही. अकरा सेकंद झाले, वीस झाले, मग बाईंनी मोजायचं सोडून दिलं.

शेवटी थोरल्यांनी बाहीला डोळे पुसले, पाटावरून उतरले आणि दुसऱ्या मशिनवरचं कापड काढून घडी घालायला लागले.

"सोमवारी त्या कोटाची ट्रायल दिलीयस ना कबूल करून?" टेबलावरच्या वहीकडे बघत ते म्हणाले. "मग तुलाच घ्यायला लागेल. मी नाही घेणार."

आणि पहिल्यांदाच ते धाकट्याच्या उत्तरासाठी थांबले.