ताईचं शेवटचं मशीन

ताई कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती. चिठ्ठी निघालेली बाटली नाकापाशी नेली की आत काय आहे ते ती सांगायची. लग्न तिनं केलं नाही. धाकट्या भावाची बायको गेली, तेव्हा तो तिच्याकडेच राहायला आला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दुकानात जाण्याआधी ताईच्या हातची कॉफी, हा त्या घरातला नेम.

आधी शेगडीवरचं ॲल्युमिनियमचं भांडं होतं. मग दांडा दाबून चालणारं छोटं मशीन आलं. निवृत्तीनंतर पंपाचं मशीन आणि बिया दळायला हातचक्की आली. ताई आता घरी बसून नाकानं कांदे सोलते, अशी भाऊ थट्टा करायचा. ताई हसायची. पण दर वेळी कॉफी खरंच सुधारत होती.

एका थंडीत तिला सणकून ताप आला. बरी झाल्यावर कॉफी पांचट लागते म्हणू लागली. तिनं विजेची चक्की आणली, बिया बदलल्या, पाणी बदललं. शेवटी अर्धा ओटा अडवणारं एक पोलादी धूड आणलं. भावाला प्रत्येक कप उत्तम लागत होता, पण छान म्हटलं की ती उखडायची. म्हणून तो मूग गिळून बसायचा.

एका दुपारी तो जेवायला आला, तर जिन्यातच करपल्याचा वास. आत दुधाच्या भांड्याचा कोळसा झाला होता, त्याची मूठ वितळून शेगडीवर ओघळली होती. आणि ताई हातभर अंतरावर, पाठमोरी, चक्कीची पाती पुसत होती. त्यानं गॅस बंद केला.

"ताई, तुला वास नाही आला?"

"कसला?" म्हणत ती वळली आणि भांडं पाहून खुर्चीत बसली.

वितळलेल्या मुठीकडे बघत म्हणाली, "तापात गेला तो गेलाच. मशीन कमी पडतंय, अशी मनाची समजूत घालत होते रे."

वास परत येईल की नाही, ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत. ताईनं मशीनवर चादर टाकली. भाऊ बाहेर चहा पिऊ लागला. त्या चादरीकडे बघवेना, तेव्हा एका रविवारी त्यानंच ती काढली आणि खटपट सुरू केली. आवाज ऐकून ताई दारात आली.

"धार पांढुरकी झाली तरी बंद नाही केलंस. कडूजहर झाली असेल."

झालीच होती. तिनं हात धुतले, त्याला बाजूला सारलं आणि नवा कप काढला.

"छानबिन म्हणू नकोस. खरं सांग."

"ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते."

तिनं दळण बारीक केलं. पुढचा कप तो सावकाश प्यायला. भाजलेल्या बदामासारखा वास येतो, म्हणाला, आणि मागून थोडी संत्र्याची साल. ताईनं आपल्या कपातून घोट घेतला. तिला नुसतं गरम आणि कडू लागलं. तिचे डोळे भरून आले.

"अजून सांग," ती म्हणाली. तो सांगत राहिला.

वास काही परत आला नाही. नवं मशीनही पुन्हा आलं नाही. आता ताई धार बघून, पंपाचा आवाज ऐकून कॉफी काढते आणि भाऊ तोंडदेखलं न बोलता चव सांगतो. कधी ते तिला पटत नाही, दोघांची जुंपते, आणि त्या दिवशी दुकान उशिरा उघडतं.