साधेपणाचा मान

पनवेलच्या त्या मराठी चर्चमध्ये सगळ्यांत साधं कोण राहतं, याविषयी कुणालाच शंका नव्हती. आशालताबाई. प्रभुभोजनाच्या रविवारी सगळ्याच बायका पांढरी साडी नेसत, पण आशालताबाईंची साडी बिनकाठाची, निळीतून काढलेली, कडक खळ घातलेली असे. कानात काही नाही, हातात घड्याळसुद्धा नाही. संडे स्कूलच्या मुलींना त्या सांगत, "नटायचं ते मनानं, पोरींनो. माझ्याकडे पाहा." मुली पाहत. मोठ्या बायकाही पाहत, आणि त्या पाहतात हे आशालताबाईंना ठाऊक होतं.

मग करंजाड्याला नवीन राहायला आलेल्या सोनाबाई चर्चला आल्या. तो नेमका प्रभुभोजनाचा रविवार होता. त्यांच्या साडीला फार तर पांढरी म्हणता आलं असतं. खळ नाही, इस्त्री नाही, आणि खांद्यावर चक्क रफू.

"किती साधी बाई!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

हे वाक्य इतकी वर्षं आशालताबाईंच्या मालकीचं होतं.

पुढच्या प्रभुभोजनाआधी त्यांनी खळ केली नाही. साडी पिळली ती चुरगळूनच वाळू दिली. मग खांद्यावर येईल अशा जागी कात्रीनं एक भोक पाडलं आणि ते मन लावून रफू केलं. धागा जरा वेगळ्या रंगाचा घेतला, नाहीतर रफू दिसलं नसतं.

रविवारी दारातच सोनाबाई भेटल्या. आज त्यांच्या साडीला निळीची झाक, कडक खळ, घडीवर घडी.

"सलाम, बाई! मागच्या वेळी सामान खोक्यांत होतं, हाताला लागलं ते नेसले. तुम्हाला पाहिलं आणि लाजच वाटली हो. म्हटलं, देवाच्या घरी यावं तर असं." मग त्यांची नजर आशालताबाईंच्या खांद्यावर थांबली आणि आवाज खाली आला. "घरी सगळं बरं आहे ना?"

"उत्तम आहे."

"नाही, मुलगा बघतो ना तुमच्याकडे?"

"अहो, उत्तम आहे म्हणते ना!"

एवढ्या जोरात कुणी उत्तम असत नाही, असं चर्चमधल्या बायकांच्या भगिनी मंडळाचं मत पडलं. त्याच आठवड्यात चर्चच्या पाळकांच्या पत्नी मितालीताई घरी आल्या. पिशवीतून निघाली मोरपंखी साडी. हातभर जरीचा काठ.

"मंडळाकडून. नाही म्हणायचं नाही."

"अहो, मला गरज नाही. ते मी मुद्दाम..." आशालताबाई थांबल्या. पुढे कात्रीचं सांगावं लागलं असतं.

"मुलींना तुम्हीच शिकवता ना, देणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून?"

शिकवत होत्या खऱ्या. त्यांनी साडी घेतली.

पुढच्या रविवारी ती नेसून गेल्या तेव्हा अख्खं मंडळ दारात उभं होतं. "आता कशा शोभता!" सोनाबाई म्हणाल्या. संडे स्कूलमध्ये त्या दिवशी साधेपणाचा धडा होता. आशालताबाईंनी त्याऐवजी नोहाच्या तारवाची गोष्ट घेतली.

उपासना सुरू झाली. प्रार्थनेसाठी त्यांनी पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले, मग एक डोळा उघडून पदर थोडा पुढे ओढला. जरीचा काठ दिसेल इतपत.