चाळीस दाखवणारा काटा

मी गाडीच्या वेगाचा काटा बोलतोय. भीतीनं माझी बोबडी वळली आहे, पण आज बोलायलाच हवं, कारण कालपासून मी खोटं सांगतोय.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईनं मला बारीक दांडीवर बसवलं, तपासलं, पुन्हा तपासलं आणि मगच काचेआड सोडलं. तेव्हापासून गाडी जेवढी धावेल तेवढंच मी सांगत आलो. पहिला मालक माझ्याकडे ढुंकूनही बघत नसे. मग एका शिंप्यानं ही गाडी घेतली, बायकोसाठी. ती टेकडीपलीकडच्या दवाखान्यात नर्स आहे. उतारावरच्या वळणाशी ती माझ्याकडे बघते आणि मी चाळीसवर आलो की मगच स्टिअरिंग फिरवते. इतका विश्वास माझ्यावर कोणीच टाकला नव्हता.

पण माझ्यामागचे बल्ब म्हातारे झाले. अंधार पडला की मी तिला दिसेनासा होई.

"अहो, त्या काट्याकडे बघून बघून डोळे फुटायची वेळ आलीय," ती म्हणाली.

"त्यात काय, एलईडी लावून देतो. सुईत दोरा ओवणारा माणूस आहे मी!"

काल त्यानं माझी तबकडी गाडीतून काढून आणली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळं उघडून ठेवलं आणि खाली दोन चमचे सारून मला उपटलं. मी जिवाच्या आकांतानं दांडी धरून होतो, पण चमच्यांपुढे काय चालणार! जुने बल्ब गेले, पांढरेशुभ्र एलईडी आले. मग त्यानं मला शून्यावर धरून अंगठ्यानं दाबलं. दाबताना दांडी जराशी पुढे फिरली, आणि ते त्याच्या गावीही नव्हतं. उभ्या गाडीत मी खालच्या खुंटीला टेकतो, म्हणून बरोबर शून्यावर दिसतो. गाडी धावू लागली की मात्र वीसनं कमी दाखवतो.

आज सकाळी गल्ली संपेपर्यंत मी हललोच नाही. तिनं काचेवर टिचकी मारली. वाटलं, सुटलो, आता कळेल!

"घट्ट बसवलाय वाटतं," ती पुटपुटली आणि निघाली.

मागच्या सीटवर तिच्या सासूबाई होत्या, गुडघे दाखवायला निघालेल्या. गाडीत बसल्या की त्या "हळू गं, हळू गं" म्हणत राहतात. घरात त्यावरून त्यांची रोज थट्टा होते.

उतार आला. मी चाळीसवर आलो. खरा वेग साठ होता. तिनं स्टिअरिंग फिरवलं, टायर किंचाळले, गाडी कठड्याकडे घसरत गेली आणि हातभर अंतरावरून कशीबशी वळली. सासूबाई दारावर आदळल्या.

"अगं, केवढ्या जोरात!"

"आई, चाळीसच आहे. तुम्हीच बघा ना. टायर झिजलेत मेले."

म्हातारीनं चष्मा लावला, पुढे वाकून मला न्याहाळलं. मी लख्ख उजेडात चाळीस दाखवत होतो.

"हो गं बाई, चाळीसच. मलाच मेलीला उगाच भीती वाटते. आता नाही हो बोलणार."

आता संध्याकाळ झाली आहे. त्याच रस्त्यानं परत जायचंय, तेच वळण उलटीकडून. दोघी गाडीत बसल्या, किल्ली फिरली, एलईडी लागले. सासूबाई ओठ घट्ट मिटून बसल्या आहेत. आजी, तुमच्या पाया पडतो, माझं ऐकू नका. तुम्ही ओरडा!