स्पीकरच्या खोक्यावर ठेवलेला डबा

या, जरा जवळ सरकून बसा. हरिपाठाला अजून अवकाश आहे, तोवर एका गारपिटीची गोष्ट सांगतो. मन निवेल तुमचं.

जालन्याबाहेर एका लहानशा बियाणे कंपनीचं शेत होतं, आणि शेतात पत्र्याचं ऑफिस. तिथं शरयू कामाला होती. कॉम्प्युटर तेव्हा नवानवा आलेला. शेतावरच्या बद्रीनाथकाकांनी अर्धं आयुष्य ज्वारीचे संकर करण्यात घातलं होतं. कोणतं कणीस कोणत्या कणसाशी जोडलं, कोणतं दाण्यानं भरलं, कोणतं वाऱ्यात लोळलं, सगळं त्यांच्याजवळ. पण कागद उंदरांनी कुरतडले. तेव्हा काका आठवून आठवून सांगत गेले आणि शरयूनं सगळं मशीनमध्ये भरलं. आता काकांना विसर पडू लागला होता. हे गेलं, तर पुन्हा सांगणारं कुणी नव्हतं.

चैत्रातल्या एका दुपारी अंबडच्या बाजूनं आभाळ काळंनिळं होऊन आलं. शरयूनं घाईघाईनं फ्लॉप्यांवर, म्हणजे त्या चौकोनी चुंबकी तबकड्यांवर, नक्कल उतरवली, वायरी उपसल्या, मशीन टेबलावर चढवून बियाण्याच्या प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळलं. फ्लॉप्यांचा डबा काकांच्या हाती दिला. गावातल्या मारुतीच्या देवळावर पक्का स्लॅब होता, सप्ताह बसलेला होता. तिथं कोरड्या जागी ठेवा, एवढंच ती म्हणाली.

काका निघाले आणि गारा कोसळल्या. कोपऱ्यातला पत्रा उचकटला, पाण्याची धार थेट पिशव्यांवर. शरयूनं टेबल ओढत ओढत दुसऱ्या भिंतीला लावलं आणि देवाचं नाव घेत त्याला टेकून उभी राहिली.

पाऊस ओसरताच ती देवळात गेली. भजन रंगात आलेलं. काका उघड्या डोक्यानं बसलेले, कपाळावर टेंगूळ. त्यांचा फेटा डब्याला गुंडाळलेला, आणि तो डबा ठेवलेला स्पीकरच्या खोक्यावर.

ते पाहून शरयू गर्दीतून वाट काढत पुढे गेली. स्पीकरमध्ये मोठं लोहचुंबक असतं, त्यानं फ्लॉपीवरचं सगळं पुसून जातं.

"इथून देवाचं नाव निघून राह्यलंय," काका कौतुकानं म्हणाले. "याच्याहून चांगली जागा कोणती, पोरी?"

तिनं डबा उचलला. खोटं बोलवेना, म्हणून बाहेर पारावर बसवून हळूच सांगितलं.

"म्हंजी म्याच पुसलं?"

"काका, एवढ्या गारांत डोकं उघडं टाकून तुम्ही डब्याला फेटा बांधलात. माझ्यानं झालं नसतं. मशीन अजून आहे ना. उद्या बघू."

काकांनी डब्यावरचा फेटा सोडून घेतला. पण डोक्याला बांधला नाही.

सकाळी दोघांनी पिशव्या सोडल्या. वरच्या दोन भिजल्या होत्या, आतली कोरडी होती. तरी मशीन उन्हात ठेवलं. गारांत गेलेली शेतावरची वीज परत आली तेव्हा बटण दाबायला शरयूचा हात उचलेना. शेवटी काकांनीच तिचं बोट धरून दाबलं.

पडदा उजळला. ज्वारी होती.

"वाच," काका म्हणाले.

ती एकेक जोडणी वाचत गेली. काका डोळे मिटून, कीर्तनात बसल्यासारखे ऐकत राहिले. मधेच एखादं कणीस ओळखीचं निघालं की मान डोलवायचे. बरीच त्यांना ओळखू येत नव्हती. तरी ती वाचत राहिली, कारण ती सगळी त्यांचीच होती.

काका आता नाहीत. ज्वारीची भाकरी मोडाल, तेव्हा पहिल्या घासाला बद्रीनाथकाकांची आठवण काढा, एवढंच मागणं.